घरच्या बागेतली ब्लूबेरी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

ब्लूबेरीबद्दल येणारे बहुतेक प्रश्न पानांपासून सुरू होतात आणि मातीत जाऊन संपतात. म्हणून खाली मातीला जरा जास्त जागा दिली आहे. घाई असेल तर ५, १२ आणि १४ हे तीन प्रश्न आधी वाचा, बाकीचे सवडीने.

१. ब्लूबेरी घरच्या बागेत खरंच येते का? आणि फळ खायला किती वर्षं थांबायचं?

येते. बिनकाट्याचं झुडूप आहे, जातीनुसार गुडघ्यापासून ते पुरुषभर उंचीपर्यंत वाढतं आणि एकदा रुळलं की तीस-चाळीस वर्षं फळं देतं. दोन वर्षांचं रोप लावलं तर तिसऱ्या हंगामात ओंजळभर फळं मिळतात. भर येतो तो सहाव्या ते आठव्या वर्षी. तेव्हा उंच जातीच्या एका निरोगी झुडपाकडून २ ते ४ किलो फळांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. ज्याला यंदा लावून पुढच्या वर्षी टोपली भरायची आहे, त्याने स्ट्रॉबेरी लावावी.

२. आमच्याकडे फारशी थंडी पडत नाही. मग ब्लूबेरीचा नाद सोडू का?

लगेच सोडू नका, पण जात बघून घ्या. ब्लूबेरीच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि त्यांना जागं व्हायला ठरावीक थंडी अंगावरून जावी लागते. ही थंडी तासांत मोजतात: साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले एकूण तास. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, उंच वाढणाऱ्या जातींना (उत्तरी उंच गट) असे ८०० ते १००० किंवा त्याहूनही जास्त तास लागतात. रॅबिटआय या अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या ब्लूबेरीच्या गटाला सुमारे ३०० ते ७०० पुरतात आणि दक्षिणी उंच जातींपैकी काही १५० ते ३०० तासांवरही भागवतात.

तास पुरले नाहीत तर झाड मरत नाही. कळ्या उशिरा आणि मागेपुढे फुटतात, काही फुटतच नाहीत, पानं विरळ येतात. उलटंही होतं. कमी थंडीवर भागणारी जात कडक हिवाळ्याच्या ठिकाणी लावली, तर मध्येच दोन-चार उबदार दिवस आले की ती फुलून मोकळी होते आणि पुढच्या कडाक्यात फुलं जळतात. उमललेलं फूल उणे २ अंशांच्या आसपासच दगावतं.

३. कोणती जात घेऊ?

आधी गट ठरवा, मग नाव. कडक हिवाळा असेल तर उत्तरी उंच गटातली 'ब्लूक्रॉप' ही १९५२ पासूनची खात्रीची जात आहे. 'ड्यूक' लवकर पिकते, 'एलियट' अगदी उशिरा. बर्फाखाली राहणाऱ्या बागेसाठी 'नॉर्थब्लू', 'नॉर्थस्काय' अशा बुटक्या संकरित जाती आहेत. सौम्य हिवाळ्यासाठी दक्षिणी उंच गटातल्या 'मिस्टी', 'शार्पब्लू', 'एमराल्ड', 'ज्युएल', 'बिलॉक्सी', 'सनशाइन ब्लू'. उन्हाळा तापट आणि माती जरा कमी लाडाची असेल तर रॅबिटआय. ती सगळ्यांत सोशिक, पण तिला जोडीदार लागतोच (प्रश्न ४).

लेबलवर नुसतं 'ब्लूबेरी' लिहिलेलं रोप घेऊ नका. जातीचं नाव माहीत नसेल तर किती थंडी लागणार, परागीभवनाला कोण लागणार आणि फळ कधी येणार, यातलं काहीच कळत नाही.

४. एकच झाड लावलं तर चालेल, की दोन हवीतच?

उंच जाती, उत्तरी असोत वा दक्षिणी, बऱ्याच अंशी स्वतःच्या परागावर फळ धरतात. एक झाड चालतं. पण शेजारी त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात असेल तर फळं मोठी होतात, जास्त धरतात आणि थोडी आधी पिकतात. रॅबिटआयला मात्र त्याच गटातली दुसरी जात हवीच. एकाच जातीची दोन झाडं लावून उपयोग नाही, परागीभवनाच्या हिशेबात ती एकच झाड आहे.

५. सगळे सामू, सामू करतात. एवढा आग्रह कशाला? बाकी झाडं तर कुठेही वाढतात.

सामू म्हणजे पीएच. ब्लूबेरीला तो ४.५ ते ५.५ दरम्यान लागतो, त्यातही ४.५ ते ५ जवळ असेल तर उत्तम. भाजीपाल्याची चांगली माती ६ ते ७ ची असते. आकड्यांत फरक छोटा दिसतो, पण हे मोजमाप दहाच्या पटीत चालतं. साडेसहाच्या मातीपेक्षा साडेचारची माती शंभर पट आम्ल असते.

कारण मुळांत आहे. ब्लूबेरीच्या मुळांना केशमुळं नसतात. तिची मुळं केसाइतकी बारीक, मातीच्या वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच पसरलेली, आणि अन्न शोधायच्या कामी एका खास बुरशीवर विसंबलेली. ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया, क्रॅनबेरी हे सगळे तिचे भाऊबंद, सगळ्यांची घडण आम्ल, भुसभुशीत, कुजक्या पाल्याच्या जमिनीतली. अशा जमिनीत लोह विरघळलेलं असतं आणि नत्र अमोनियमच्या रूपात मिळतं. सामू चढला की लोह मातीत असूनही बंद कुलपाआड जातं आणि नत्राचं रूपांतर नायट्रेटमध्ये होऊ लागतं, जे या झाडाला फारसं वापरता येत नाही. चांगल्या सुपीक मातीत ब्लूबेरी उपाशी मरते ती अशी.

हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. तोवर ही रानातली वनस्पती होती, बागेत आणली की मरायची. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये प्रयोगांनिशी दाखवून दिलं की तिला आम्ल माती लागते. ते वाचून न्यू जर्सीत क्रॅनबेरी पिकवणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिलं, आपल्या रानातली मोठ्या फळांची झुडपं शोधून दिली, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकलं गेलं. आपण ज्याला 'भारी माती' म्हणतो तीच तिच्या मुळावर उठत होती.

६. सामू घरी मोजता येतो का? ते मातीत खुपसायचं दोन सळ्यांचं यंत्र चालेल?

त्या यंत्रावर माझा विश्वास नाही. ओलावा बदलला की त्याचा आकडाही बदलतो. त्यापेक्षा असं करा. मुळांच्या खोलीवरून, म्हणजे १० ते १५ सेंटिमीटर खालून, तीन-चार जागची माती घ्या, एकत्र करा. एक वाटी माती, एक वाटी डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवा. वर आलेल्या पाण्यात ४ ते ७ मधले बारीक फरक दाखवणारी पट्टी बुडवा, किंवा ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून घेतलेलं पेनासारखं मीटर वापरा. नळाचं पाणी वापरू नका, नाहीतर तुम्ही नळाचाच सामू मोजाल. लागवडीआधी एकदा प्रयोगशाळेतून माती तपासून घेणं सगळ्यांत शहाणपणाचं. तिथे चुन्याचं प्रमाणही कळतं, आणि ते का महत्त्वाचं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

७. माझ्या मातीचा सामू ६ आहे. खाली कसा आणू?

गंधकाने. मूलद्रव्य रूपातलं बारीक गंधक मातीत मिसळलं की मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू सल्फ्युरिक आम्ल करतात. 'हळूहळू' हा शब्द इथे कळीचा आहे. माती उबदार आणि ओलसर असेल तर सहा महिने, थंड असेल तर वर्ष. म्हणून गंधक लागवडीच्या आधीच्या हंगामात घालायचं.

साडेपाचवरून साडेचारवर यायला वाळूमिश्रित जमिनीला चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम, पोयट्याला १२०, चिकणमातीला १७५ ग्रॅमच्या आसपास लागतं. सहावरून यायचं तर त्याच्या दीडपट धरा. चिकणमातीला इतकं लागतं, कारण ती बदलाला जास्त विरोध करते. एका वेळी सगळं ओतण्यापेक्षा दोन हप्त्यांत घाला आणि मधे मोजा. झाड आधीच उभं असेल तर मात्रा आणखी कमी, नुसती वर पसरून.

अॅल्युमिनियम सल्फेट लगेच काम करतं म्हणून सुचवलं जातं. लगेच करतं हे खरं, पण लागणारी मात्रा मोठी असते आणि अॅल्युमिनियम याच मुळांना बाधतं. नको.

८. कॉफीचा चोथा, व्हिनेगर, पाइनच्या सुया, लिंबाचा रस? घरात जे आहे त्याने होणार नाही का?

नाही. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याचं आम्ल पाण्याबरोबर कपात गेलेलं असतं, उरलेला चोथा जवळजवळ उदासीन. पाइनच्या सुया आच्छादनाला छान, पण माती त्यांनी म्हणण्यासारखी आम्ल होत नाही. व्हिनेगर आणि लिंबाने दोन-चार दिवस फरक दिसतो, मग जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि सामू मूळपदावर. पाण्यातला क्षार मारायला मात्र अशी सौम्य आम्लं कामाची आहेत (प्रश्न १२).

९. गंधक घालून दोन वर्षं झाली, सामू हलत नाही. काय चुकतंय?

एक चिमूट कोरडी माती बशीत घ्या, वर पांढरं व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. सोड्यासारखी चरचर ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले तर मातीत मोकळा चुना आहे, आणि मग तुमचं काही चुकत नाहीये. लढाईच हरणारी आहे.

हिशेब मांडून बघा. एक चौरस मीटर जागेतली १५ सेंटिमीटर खोलीची माती साधारण २०० किलो भरते. त्यात चुना फक्त १ टक्का धरला तरी तो झाला २ किलो. तो नुसता निष्प्रभ करायला अंदाजे ६४० ग्रॅम गंधक लागेल, आणि त्यानंतर कुठे सामू उतरायला सुरुवात होईल. चुनखडीच्या जमिनीत हा टक्का बऱ्याचदा एकावर थांबत नाही. शिवाय आजूबाजूच्या मातीतून पाण्याबरोबर चुना येत राहतो. अशा बागेत जमिनीवर वाफा उभा करा, तळाला सच्छिद्र कापड अंथरा आणि आत बाहेरून आणलेलं मिश्रण भरा. नाहीतर सरळ कुंडी.

१०. कुंडीत ब्लूबेरी होते का? किती मोठी कुंडी, कसली माती?

होते, आणि खरं सांगायचं तर ज्यांची माती साथ देत नाही त्यांना मी आधी कुंडीच सुचवतो. तिथे सामू तुमच्या हातात असतो.

लहान रोपाला २० लिटरची कुंडी, दोन-तीन वर्षांनी ४० ते ६० लिटरची. खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. छोट्या रोपाला पहिल्याच दिवशी मोठ्या कुंडीत टाकू नका, मुळं न पोचलेली माती ओली राहून आंबते. मिश्रणात बागेची माती अजिबात नको: निम्मं पीट मॉस (दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), उरलेल्यात पाइनच्या सालीचे बारीक तुकडे आणि थोडं परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे). पीट मिळत नसेल तर कोकोपीट चालतं, पण ते पीटइतकं आम्ल नसतं आणि त्यात मीठ असू शकतं. दोन-तीनदा धुऊन घ्या आणि सामू मोजून मगच भरा.

शेणखत आणि घरचं कंपोस्ट इथे बाजूला ठेवा. दोन्हींचा सामू बहुधा ७ च्या वर असतो. प्रेमाने घातलेल्या शेणखताने गेलेली बरीच झाडं मी पाहिली आहेत. साली कुजून मिश्रण खाली बसतं, म्हणून दर तीन-चार वर्षांनी ते बदलावं लागतं.

११. रोप लावून वर्ष झालं. मेलं नाही, पण इंचभरही वाढलं नाही. सगळं नियमाप्रमाणे केलं होतं.

ते उपटून बघा. खरंच. अशी रोपं मी स्वतः काढून पाहिली आहेत, आणि दृश्य जवळपास सारखंच असतं. भोवतीची माती हाताने बाजूला सारली की आतून रोपवाटिकेच्या कुंडीचा आकार जसाच्या तसा बाहेर येतो, गोल, कडेच्या रेषांसकट. त्यात बोट घातलं तर आत कोरडं ठक्क, बुचाच्या लाकडासारखं. बाहेरची माती ओली, आतला गोळा कोरडा आणि एकही मूळ ती सीमा ओलांडून गेलेलं नाही. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. तुम्ही वर्षभर घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून गेलं.

उपाय लावतानाच करायचा. गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बोटांनी किंवा जुन्या काट्याने बाहेरची मुळं मोकळी करा, तळाला दोन-तीन उभे काप द्या आणि गोळा थोडा पसरून लावा. हात थरथरतो, पण मुळं तुटली म्हणून तक्रार करणारं हे झाड नव्हे. लावायची खोली कुंडीत होती तेवढीच, जास्त खोल नाही. दोन झाडांत १.२ ते १.५ मीटर अंतर, रॅबिटआयला १.८. दिवसाला किमान सहा तास ऊन. पाणी साचणारी जागा असेल तर उंचवट्यावर लावा, साचलेल्या पाण्यात फायटोप्थोरा नावाचा रोग मुळं कुजवतो.

वर ७ ते १० सेंटिमीटर आच्छादन: सालीचे तुकडे, पाइनच्या सुया किंवा जुना भुसा. खोडाला मात्र चिकटू देऊ नका. ताजा भुसा कुजताना नत्र ओढून घेतो, तो वापरलात तर खत थोडं वाढवा.

१२. पाणी किती आणि कुठलं? नळाचं चालतं का?

किती, ते सोपं आहे: आठवड्याला २५ ते ५० मिलिमीटर, फळं भरताना वरच्या आकड्याकडे. मुळं उथळ असल्याने थोडं आणि वारंवार. कुंडीला कडक उन्हात रोज. कायम ओलसर, कधीही चिखल नाही.

कुठलं, हा खरा प्रश्न. माझी पहिली दोन झाडं मी पाण्यानेच मारली, आणि कमी पाण्याने नव्हे. मिश्रण काटेकोर, सामू ४.८, पहिल्या वर्षी हेवा वाटावा अशी वाढ. दुसऱ्या उन्हाळ्यात टोकाची पानं फिकी पडायला लागली. मी खत वाढवलं. आणखी फिकी. शेवटी माती मोजली तर सामू साडेसहाच्या पुढे. गुन्हेगार रोज डोळ्यांसमोर होता, किटलीच्या तळाला जमणारा पांढरा थर. पाणी जड होतं, आणि बायकार्बोनेट असलेल्या जड पाण्याची प्रत्येक झारी म्हणजे मातीला दिलेला चुन्याचा एक छोटा डोस.

पाण्याचा नुसता सामू पाहून फसू नका, त्याची क्षारता, म्हणजे त्यात बायकार्बोनेट किती आहे ते बघा. ती जास्त असेल तर पावसाचं पाणी साठवून वापरा. ते पुरत नसेल तर पाण्यात सायट्रिक आम्ल चिमटीचिमटीने घालत, ढवळत, मोजत सामू ५ ते ५.५ वर आणा. एकदा प्रमाण सापडलं की लिहून ठेवा, दर वेळी मोजायला नको. मिठाने हलकं केलेलं पाणी, म्हणजे सॉफ्टनर यंत्रातून आलेलं, अजिबात नको. त्यातलं सोडियम याहून वाईट.

१३. खत कोणतं द्यायचं?

नत्र अमोनियमच्या रूपात देणारं. सामू ५ च्या वर असेल तर अमोनियम सल्फेट, ते माती थोडी आम्लही करतं. सामू आधीच खाली असेल तर युरिया. अझेलिया-ऱ्होडोडेंड्रॉनसाठी मिळणारं तयार खतही चालतं. कॅल्शियम नायट्रेट नको, पोटॅश द्यायचं तर सल्फेटच्या रूपात द्या, क्लोराइडच्या नाही. राख आणि हाडांचं खत लांब ठेवा, दोन्ही सामू चढवतात.

जमिनीतल्या झाडाला पहिल्या वर्षी अमोनियम सल्फेट २५ ते ३० ग्रॅम, तेही रोप रुजल्यावर. पुढे दर वर्षी तेवढंच वाढवत मोठ्या झाडाला वर्षाला २२५ ग्रॅमपर्यंत. कळ्या फुटताना सुरू करायचं, दोन-तीन हप्त्यांत विभागायचं आणि उन्हाळ्याच्या मध्यानंतर थांबायचं, नाहीतर कोवळी फूट थंडीत सापडते. खोडापासून वीतभर दूर पसरा आणि लगेच पाणी द्या. पानांच्या कडा करपल्या तर खत जास्त झालंय.

१४. पानं पिवळी पडली आहेत. लोह देऊ का?

आधी कुठली पानं आणि कशी पिवळी, ते नीट बघा. टोकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईची जाळी: हे लोह न मिळाल्याचं लक्षण, आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमीच चढलेला सामू. खालची जुनी पानं सरसकट फिकी: नत्र कमी. सगळं झाडच मलूल आणि माती ओलीगच्च: मुळं गुदमरली आहेत, काही देऊ नका, निचरा सुधारा.

लोहाने वेळ मारून नेता येते. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) सामू ६ पर्यंत काम करतं, त्याच्या वर ईडीडीएचए प्रकार जास्त भरवशाचा. नवी फूट आठ-दहा दिवसांत हिरवी येते. पण सामू तसाच राहिला तर हाच प्रश्न तुम्ही पुढच्या हंगामात पुन्हा विचाराल. प्रश्न ६ आणि १२ कडे परत जा.

१५. आणि लाल पानं?

थंडीच्या तोंडावर लाल होत असतील तर बसून बघत राहा, या झाडाचं हेही एक देणं आहे. वसंतात कोवळी पानं जांभळट-लाल दिसणं हेही बहुधा गार मातीमुळे, ऊब वाढली की जातं. भर वाढीच्या दिवसांत लालसर झाली आणि झाड खुंटलं तर मुळांकडे बघा (प्रश्न ११).

१६. पहिल्याच वर्षी फुलं आलीत. ती खुडायची म्हणतात, जिवावर येतं!

खुडा. पहिली दोन वर्षं सगळी. रोप लहान असताना फळात घातलेली शक्ती मुळांतून वजा होते. अगदीच राहवत नसेल तर दुसऱ्या वर्षी एक घोस ठेवा, चव कळेल आणि झाडही रागावणार नाही.

१७. फुलं भरपूर येतात, पण फळं धरत नाहीत. का?

फुलाचा आकार बघा: उलटी टांगलेली छोटी घंटा, तोंड अरुंद. पराग आत नळीसारख्या पुंकेसरांत असतो आणि मिठाच्या डबीसारखा टोकाच्या छिद्रातून सांडतो. तो झाडून काढायला भुंगा हवा. भुंगा फुलाला लटकतो, पंख स्थिर ठेवून अंगाचे स्नायू थरथरवतो आणि पराग खाली पडतो. मधमाश्यांना हे थरथरवणं जमत नाही, त्या संख्येने भर काढतात. फुलोऱ्यात गारठा, वारा, पाऊस असला किंवा कीटकनाशक फवारलं गेलं तर कोणीच फिरकत नाही. फूल चार-पाच दिवसच परागाला तयार असतं.

फुलाच्या घंटेला बाजूने उभी चीर दिसली तर कोणीतरी मागच्या दाराने मध चोरून गेलंय. दुसरी दोन कारणं: जोडीदार नसलेली रॅबिटआय (प्रश्न ४) आणि फुलोऱ्यातला दवगोठा (प्रश्न २).

१८. छाटणी कधी आणि किती?

झाड झोपलेलं असताना, हिवाळ्याच्या शेवटी. पहिली तीन वर्षं फक्त मोडक्या फांद्या आणि जमिनीलगतच्या बारीक काड्या काढा.

फळ मागच्या वर्षीच्या फांदीवर येतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. एक फांदी हातात घ्या आणि टोकाकडून अंगठा फिरवत या. टोकाला गोल, फुगीर, मोहरीसारख्या कळ्या लागतील, त्या फुलाच्या. एका कळीतून पाच ते दहा फुलं निघतात. खाली बारीक, टोकदार, फांदीला चिकटलेल्या लागतील, त्या पानाच्या. कुंपणासारखी सगळ्या टोकांवर कात्री चालवलीत तर त्या वर्षीचं पीक पाचोळ्यात जातं.

चौथ्या वर्षापासून दर हिवाळ्यात सगळ्यांत जुने एक-दोन बुंधे तळापासून काढा. सहा वर्षांवरचा बुंधा राखाडी, खरबरीत दिसतो आणि त्याची फळं बारीक होत जातात. शेवटी वेगवेगळ्या वयाचे सहा-आठ बुंधे असावेत आणि मध्यात उजेड पोचावा. छाटणी कमी झाली तर फळं खूप पण वाटाण्याएवढी येतात.

१९. निळी झाली की तोडली, पण आंबट! जात वाईट आहे का?

जात नाही, घाई वाईट. पूर्ण निळी दिसल्यावरही तीन दिवस ते आठवडाभर झाडावर राहू द्या. देठाजवळ बघा, लालसर कडं उरलं असेल तर अजून नाही. पिकलेलं फळ अंगठ्याने नुसतं लोटलं की तळहातात पडतं, ओढावं लागलं तर सोडून द्या. तोडल्यावर रंग गडद होतो, गोडी मात्र वाढत नाही. एका घोसातली फळंही एकदम पिकत नाहीत, दर चार-पाच दिवसांनी फेरी मारावी लागते.

फळावरची पांढुरकी धूळ म्हणजे त्याचं स्वतःचं मेण, औषध नव्हे. ती पुसू नका, धुवायचं ते खातानाच. फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस राहतात. गोठवायची असतील तर कोरडीच, ताटात एकेरी पसरून.

२०. पक्षी काहीच ठेवत नाहीत.

जाळी. बुजगावणं, चमकत्या फिती, प्लास्टिकचं घुबड हे सगळं आठवडाभर चालतं, मग पक्षी त्यावरच बसतात. जाळी झाडावर टाकू नका, चौकट उभारून ताणून बांधा आणि खालची कड जमिनीला घट्ट लावा. सैल जाळीत पक्षी आणि साप दोन्ही अडकतात. फुलोरा संपेपर्यंत लावू नका, भुंग्यांना वाट हवी.

२१. फळ आतून पांढरट-हिरवं आहे. विकतच्या जॅममध्ये तर गडद जांभळं असतं. मला भलतंच रोप दिलं का?

नाही. लागवडीच्या ब्लूबेरीचा रंग जवळपास सगळा सालीत असतो, गर फिका. आतपर्यंत गडद आणि बोटं रंगवणारी ती युरोपातल्या रानातली बिलबेरी, ब्लूबेरीची चुलत बहीण. आणि 'पिंक लेमोनेड' नावाची जात पिकल्यावरही गुलाबीच राहते, ती निळी व्हायची वाट बघत बसू नका.

२२. काही फळं राखाडी होऊन वाळतात, काहींत बारीक अळ्या दिसतात. एकच रोग आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी. पिकायच्या सुमारास फळं फिकट गुलाबी-राखाडी होऊन आक्रसत असतील तर ती बुरशी. अशी फळं खाली पडून हिवाळा काढतात आणि वसंतात त्यांच्यातून पेल्यासारखी चिमुकली अळंबी उगवून कोवळ्या फुटीला लागण करते. म्हणून प्रत्येक वाळकं फळ वेचून बागेबाहेर टाका आणि फुटीआधी आच्छादनाचा ५ सेंटिमीटरचा नवा थर द्या.

अळ्या असतील तर बहुधा ठिपकेदार पंखांची ड्रॉसोफिला माशी, मूळची पूर्व आशियातली, २००८ पासून अमेरिका आणि युरोपात पसरलेली. साधी फळमाशी सडक्या फळावर बसते, ही चांगल्या पिकत्या फळात अंडी घालते. मूठभर फळं मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, अळ्या बाहेर येतात. फळं वेळच्या वेळी तोडणं, लगेच थंड करणं आणि एक मिलिमीटरहून बारीक जाळी, हेच घरगुती उपाय.

२३. खाल्लेल्या फळाच्या बिया पेरल्या तर?

उगवतील, पण आईसारखं फळ मिळेलच असं नाही, आणि ते कळायला चार-पाच वर्षं लागतील. हौस असेल तर बिया तीन महिने फ्रिजमध्ये ओलसर ठेवून वर न झाकता पेरा, त्यांना उगवायला उजेड लागतो. तीच जात हवी तर छाट लावा: उन्हाळ्याच्या सुरुवातीची अर्धवट पक्की फूट, १०-१२ सेंटिमीटर, वरची दोन पानं ठेवून, पीट आणि परलाइटमध्ये, वर प्लास्टिकची पिशवी. सहा ते आठ आठवड्यांत मुळं येतात. नव्या जातींवर पैदासकारांचे हक्क असतात, त्यांची रोपं करून विकता येत नाहीत.

२४. माझं झाड हिवाळ्यात पानंच गाळत नाही आणि फुलं अवेळी येतात. आजारी आहे का?

दक्षिणी उंच जात आणि सौम्य हिवाळा असेल तर आजारी नाही. अशा ठिकाणी ही झुडपं सदाहरित राहतात. काही ठिकाणी उत्पादक मुद्दाम तशीच वाढवतात. फक्त वेळापत्रक बदलतं. छाटणी हिवाळ्याऐवजी फळं संपल्यावर लगेच, म्हणजे नव्या फुटीला फुलकळ्या धरायला वेळ मिळतो. खतही थोडं थोडं वर्षभर चालू ठेवावं लागतं, कारण झाड विश्रांतीच घेत नाही. प्रश्न १३ आणि १८ मधल्या वेळा तुम्हाला लागू नाहीत, बाकी सगळं लागू.

२५. घर बदलतोय. दहा वर्षांचं झाड सोबत नेता येईल?

येईल, आणि इतर फळझाडांच्या मानाने सोपं आहे. मुळं उथळ, म्हणून खोल खणावं लागत नाही. पानं गळल्यावर भोवताली अर्ध्या मीटरवर फावडं मारत खालून चटईसारखा गोळा सोडवा, ओल्या पोत्यात गुंडाळा आणि वाळू देऊ नका. फांद्या निम्म्यावर आणा, पुढच्या वसंतातली फुलं सगळी खुडा. नव्या जागेची माती तोवर मोजून झालेली असू द्या. नसेल, तर झाड मोठ्या कुंडीत ठेवा आणि गंधकाला त्याचं वर्ष घेऊ द्या.